सत्कारासाठी थांबवलेली लढत

हाताला पट्ट्या बांधून झाल्या, वरून ग्लोव्हज चढले, नाड्यांवर चिकटपट्टी लागली, पट्टीवर अधिकाऱ्याची सही झाली, आणि बाहेर माइकवर कोणीतरी म्हणालं, "आता आपण सत्कार समारंभाला सुरुवात करू या."

मी खुर्चीतून उठलो होतो, तो परत बसलो. सहीची पट्टी एकदा लागली की लढत होईपर्यंत ग्लोव्हज काढायचे नाहीत, असा नियम आहे. नियम कसले, सगळे आमच्यासाठी. बाहेर ज्यांचे सत्कार चालले होते त्यांना वेळेचाही नियम नव्हता. आधी नगरसेवक, मग माजी नगरसेवक, मग ज्यांनी मांडव दिला ते, मग ज्यांनी पाण्याच्या बाटल्या दिल्या ते. प्रत्येकाला शाल, नारळ, गुच्छ आणि दोन शब्द. दोन शब्द म्हणून उठलेला माणूस दोन शब्दांत बसलेला मी तरी आयुष्यात पाहिलेला नाही.

अमरावतीचं एक मंगल कार्यालय होतं ते. मधल्या लॉनवर रिंग उभारलेली आणि आम्हाला बसायला नवरीची खोली. आरशावर कुठल्यातरी नवरीच्या टिकल्या चिकटवलेल्या. त्या टिकल्यांत तोंड बघत मी तीनदा अंग गरम केलं आणि तीनदा घाम अंगावरच वाळला. बॉक्सरचं अंग एकदा तापलं की त्याला रिंगमध्ये सोडायला लागतं. पण हे कोणाला सांगणार? माइकवाल्याला?

माझ्याबरोबर डोईफोडे सर होते. पंजाब डोईफोडे. आडनाव खरंच डोईफोडे, आणि माणूस बॉक्सिंग शिकवणारा. आम्ही पोरं यावरून मागे पोट धरून हसायचो, समोर हसायची कोणाची छाती नव्हती. अकोल्यात एका टिनाच्या शेडखाली सर शिकवायचे. मी दालमिलमध्ये पोती उचलायचो, तिथून त्यांनी मला हात धरून शेडमध्ये नेलं. माझा बाप लवकर गेला. त्यानंतर मला कोणी हक्काने शिव्या घातल्या असतील तर त्या सरांनी.

सत्कार लांबला तशी मला लघवीला लागली. हाताला ग्लोव्हज. मी सरांकडे पाहिलं.

"जाय ना मंग," सर म्हणाले.

"कसा जाऊ? नाडी कोण सोडन?"

सर उठले, माझ्याबरोबर मोरीत आले, माझ्या चड्डीची नाडी सोडली आणि तोंड फिरवून उभे राहिले. "बायकोले सांगजो," म्हणाले, "का सरनं हेबी काम केलं म्हणा." आम्ही दोघंही हसलो. मी हे मुद्दाम सांगतोय. तो माणूस मला कोण होता हे कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्या दिवशी काय पणाला लागलं होतं तेही सांगतो. जो जिंकेल तो दिल्लीला राष्ट्रीय किताबासाठी लढणार, असं बॉक्सिंग संघटनेने जाहीर केलं होतं. मी तेहतिशीतला माणूस. त्याआधीची सगळी वर्षं मला बोलवायचे ते हरायला. कोणा पैशावाल्याचा पोरगा तयार होत असला की त्याच्या नावापुढे विजय जमा करायला एक मजबूत, न पडणारा, पण शेवटी हरणारा माणूस लागतो. बकरा म्हणतात त्याला. मुंबईत बकरा, हैदराबादेत बकरा, एकदा बँकॉकलाही विमानाने नेलेला बकरा. धंदेवाईक बॉक्सर म्हटलं की लोकांना वाटतं गाडी असेल, फोटो असतील. मी लढत झाली की तिसऱ्या दिवशी पोती उचलायला हजर. दिल्लीची लढत मिळाली असती तर राजरत्न शिरसाट हे नाव एकदा तरी पोस्टरवर वरच्या बाजूला आलं असतं. एवढंच हवं होतं मला. आणि सरांनाही. तीस वर्षं शिकवून त्यांचा एकही पोरगा किताबापर्यंत पोचला नव्हता.

समोरचा पोरगा ओजस भांबुरकर. बाप विलासराव भांबुरकर, रस्त्यांचे मोठे ठेकेदार. कार्यालय त्यांचं, रिंग त्यांनी मागवलेली, जेवण त्यांचं. ओजस एकही लढत हरलेला नव्हता, कारण त्याला हरवेल असा माणूस विलासरावांनी त्याच्यासमोर कधी येऊच दिला नव्हता. पोरगा मात्र वाईट नव्हता. आदल्या दिवशी वजन करताना माझ्याजवळ येऊन म्हणाला की दादा, तुमची मुंबईची लढत मोबाइलवर कितीदा पाहिली, तुमचा डावा हूक मला शिकायचाय. मला चीड आली त्याची. ज्याला उद्या मारायचं त्याने आज असं गोड बोलू नये.

शेवटी आम्हाला बोलावलं. पहिल्या दोन राउंडमध्ये त्याने मला मारलं, खोटं कशाला बोलू. माझं अंग गार पडलेलं, पाय उचलत नव्हते. तिसऱ्यात अंग सुटलं. चौथ्यात त्याने उजवा हात खाली आणला आणि मी डावा हूक टाकला. कानाच्या वर बसला. तो जसा उभा होता तसाच खाली गेला, हात टेकायचंही त्याला सुचलं नाही.

रेफरीने मोजायला घेतलं. त्याला मोजायची अजिबात घाई नव्हती. ओजस आठला उठला, पण पाय त्याचे नव्हते. मी कोपऱ्यातून निघालो. आयुष्यात पहिल्यांदा समोर दिल्ली दिसत होती, मध्ये फक्त हा एक डगमगता पोरगा. अजून एकच ठोसा पाहिजे होता.

आणि फटाके फुटले.

फाटकात ताशा वाजायला लागला. माइकवाला ओरडायला लागला की आपले लाडके आमदार साहेब आलेले आहेत, सर्वांनी उभं राहून स्वागत करावं. रेफरीने दोन्ही हात वर केले आणि लढत थांबवली. जगात कुठल्या बॉक्सिंगमध्ये हे होतं मला सांगा. पण रेफरी जिल्हा परिषदेच्या शाळेत पीटी शिकवायचा आणि त्याच्या बदलीची फाइल साहेबांकडे पडलेली, हे सगळ्या अमरावतीला माहीत होतं. त्याचा हात वर जाणारच होता.

मी रेफरीला म्हणालो, "राउंड चालू आहे." रेफरी म्हणाला, "दोन मिनिटं रे, साहेब आहेत."

साहेब बुटांसकट रिंगमध्ये चढले. मागून फेटेवाला चढला. फेटा तयार नव्हता, तिथेच बांधायचा होता, आणि पहिल्यांदा तुरा नीट आला नाही म्हणून सोडून परत बांधला. मग विलासरावांच्या हस्ते शाल. मग साहेबांचं भाषण. लहानपणी आपणही तालमीत जायचो, आजची तरुण पिढी मोबाइलमध्ये गुंतली आहे, वगैरे. आम्हा दोघांना त्यांच्या दोन बाजूंना उभं केलेलं, फोटोसाठी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी मारलेला ठोसा हे लोक भाषण करून परत घेत होते. पोरग्याला दम मिळत होता, पाणी मिळत होतं, त्याच्या कोपऱ्यातला माणूस त्याच्या मानेवर बर्फ फिरवत होता.

फोटोवाला आम्हाला जवळ सरकवत होता तेव्हा ओजस माझ्याकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, आपली लढत झाली का?"

मला वाटलं, माजलाय. टिंगल करतोय. मी फोटोवाल्याकडे तोंड केलं.

"कोण जिंकलं?" त्याने विचारलं.

तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तो माझ्याकडे बघून बोलत नव्हता, माझ्या खांद्यापलीकडे बघून बोलत होता. एका डोळ्यातली बाहुली केवढी मोठी झालेली, दुसऱ्यातली टाचणीच्या डोक्याएवढी. मी ग्लोव्ह त्याच्या डाव्या गालाजवळ नेला. बॉक्सर माणूस झोपेतही मान मागे घेतो. त्याने पापणीही हलवली नाही.

मी रेफरीला सांगितलं की याचं डोकं जागेवर नाही, बघा याला. तो म्हणाला, तू तुझं बघ. मग मी डॉक्टरांना शोधलं. रिंगजवळ डॉक्टर पाहिजे असा नियम, म्हणून विलासरावांनी त्यांचे मित्र आणून बसवलेले. दाताचे डॉक्टर. ते हातात गुच्छ घेऊन साहेबांपर्यंत पोचायच्या रांगेत उभे होते. मी दोरांवरून वाकून दोनदा हाक मारली. त्यांनी हसून मला हात दाखवला, म्हणजे आलोच. विलासरावांना सांगितलं तर ते साहेबांच्या फेट्याकडे बघतच म्हणाले, "का रे, भीती वाटते का आता?"

साहेब उतरले. त्यांच्यासाठी रिंगमध्ये अंथरलेला गालिचा गुंडाळला. मी कोपऱ्यात सरांकडे गेलो. मनात म्हटलं, सर आहेत, सर बघतील. मी तोंड उघडायच्या आत सरांनी माझ्या गालाला व्हॅसलीन लावलं आणि कानाशी आले.

"त्याच्या डाव्या अंगानं जाय," ते म्हणाले. "तिकून त्याले दिसत नाई. एकच दे, कानावर. आता पडला तं उठत नाई तो."

म्हणजे सरांनी पाहिलं होतं. एवढ्या लांबून, एवढ्या गर्दीत, त्या अख्ख्या कार्यालयात माझ्याशिवाय फक्त त्यांनीच पाहिलं होतं. आणि पाहून मला हे सांगत होते.

घंटा झाली. मी डाव्या अंगाने गेलो, आणि जाऊन ओजसला मिठी मारली.

लढतीत दमलेला माणूस समोरच्याला मिठी मारतो, दम घेतो, मग रेफरी सोडवतो. त्याने सोडवलं की मी परत मिठी मारली. ओजस माझ्या छातीवर डोकं टेकून उभा होता, अंगाचा सगळा भार माझ्यावर. मी त्याला धरलं नसतं तर तो बसलाच असता. मध्येच त्याने माझ्या बरगडीवर दोन ठोसे टाकले, झोपेत चापट मारावी तसे. लोक ओरडायला लागले. आधी "मार बे", मग "विकला गेला". कोणीतरी पाण्याची बाटली फेकली. मागून सरांचा आवाज येत होता, सारखा, एकच शब्द: डावीकून, डावीकून, डावीकून. मी रेफरीला सांगत होतो की थांबवा, याला उतरवा, आणि तो मला दम देत होता की लढ, नाहीतर बाद करीन. मी म्हणालो, "कर बाद. पण आत्ता कर, लवकर."

त्याने केलं. मला बाद केलं, ओजसचा हात वर उचलला, पुन्हा ताशा वाजला. हात वर असतानाच पोरगा ओकला आणि गुडघ्यांवर बसला. त्यानंतर मात्र सगळे धावले. दाताचे डॉक्टरही.

डोक्यात रक्त साकळलं होतं. रात्रीच नागपूरला नेऊन कवटी उघडली. वाचला तो. मी भेटायला गेलो तर विलासरावांच्या माणसांनी मला जिन्यातूनच परत पाठवलं. आज ओजस बापाचं ऑफिस बघतो, बोलताना एखादा शब्द त्याला सापडत नाही असं ऐकून आहे. जिवंत आहे, लग्न झालंय. पण मला बोलायचंय ते त्याबद्दल नाही.

महिन्याभराने संघटनेने मला चौकशीला बोलावलं, अमरावतीलाच. टेबलामागे तिघं बसलेले. माझ्यावर आरोप दोन. एक, मी पैसे खाल्ले आणि मुद्दाम लढलो नाही. दोन, मी गरजेपेक्षा जास्त मारून पोराला जायबंदी केलं. दोन्ही आरोप एकाच तोंडाने, एकाच दमात वाचले आणि वाचणाऱ्याला हसू आलं नाही. मी काय कमी मारलं की जास्त मारलं ते आधी ठरवा, असं मी म्हणालो, तर आवाज खाली ठेवा म्हणाले. लढत मध्येच थांबवून फेटा बांधला त्याबद्दल चकार शब्द नाही. साहेबांचं नाव मी घेतलं तर लिहिणाऱ्याने पेन खाली ठेवलं.

मग मी जे खरं ते सांगितलं. पोराला दिसत नव्हतं, मी त्याला पडू दिलं नाही, म्हणून धरून ठेवलं. अध्यक्ष म्हणाले, याला साक्षीदार कोण? मी म्हणालो, माझे सर. मला काळजीच नव्हती. बाहेर बाकावर सर बसलेच होते.

सर आत आले. नवीन शर्ट घातलेला. अध्यक्षांनी विचारलं, "त्या पोराची अवस्था खराब आहे, हे तुमच्या लक्षात आलं होतं का?"

"नाही, साहेब," सर म्हणाले. एकदम शुद्ध भाषेत. "मला तसं काही दिसलं नाही."

मी त्यांच्याकडे बघत होतो. ते टेबलाकडे बघत होते.

"मग शिरसाट लढला का नाही?"

"ते त्यालाच माहीत."

झालं. माझं लायसन्स कायमचं रद्द. पेपरात फोटोसकट आलं, पैशासाठी लढत सोडणारा बॉक्सर. दालमिलमध्ये हमाल मला विचारायचे, किती भेटले रे राजा? एकाची कॉलर धरली मी. बाकीच्यांच्या कुठवर धरणार?

पण ते नंतरचं. चौकशी संपल्यावर आम्ही दोघं एकाच एसटीने अकोल्याला निघालो. दुसरी गाडी तासाने होती आणि सवयीने मी सरांच्या शेजारी बसलो, एवढी वर्षं तिथेच बसत आलो होतो. बडनेरा गेलं. शेवटी सरच बोलले.

"राग नोको धरू, राजा. मी हो म्हटलं असतं तं त्यायनं इचारलं असतं, मंग पोराले काय सांगतलं तुमी? मंग माह्यंबी लायसन गेलं असतं. शेडमंदी पोरं हायेत. मी बंद झालो तं ते पोरं कोठी जातीन?"

ते खोटं बोलत नव्हते. पोरं होतीच. दालमिलमधून, भाजीबाजारातून, जिथून मला आणलं तिथूनच आणलेली. सर त्यांना स्वतःच्या घरून अंडी उकडून आणून खाऊ घालायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून तर मला नुसता राग येऊन भागत नव्हतं. खोटारडा, हलकट माणूस असता तर तिथेच दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. मी त्यांच्याकडे वळलो. मग विचारलं.

"सर, माझं सोडा. समजा, त्या शेडमधल्या पोरांपैकी कोणाचा डोळा ओजससारखा झाला. समोरच्याचा नाही, तुम्ही शिकवलेल्या पोराचा. राउंड जिंकत आलाय, समोर किताब आहे. त्याला उतरवाल का?"

मला वाटलं, ते चिडतील. म्हणतील, हे काय विचारणं झालं, उतरवीन नाहीतर काय करीन. थोबाडीत मारली असती तरी मला बरं वाटलं असतं. मी वाट बघत होतो. कंडक्टर आला, मागे गेला. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. तोंड उघडलं आणि मिटलं. ते मला टाळत नव्हते. ते खरंच विचार करत होते. शेजारी बसलेल्या माणसाला खरं उत्तर द्यायचं म्हणून मनात तोलून बघत होते.

मूर्तिजापूरचा थांबा आला, तेव्हाही ते तोलतच होते.

मी उठलो. "कोठी चालला?" सरांनी विचारलं. मी दाराकडे गेलो. खाली उतरलो. खिडकीतून त्यांनी मला हाक मारली, "राजा, अरे अकोला पुढं हाये," आणि गाडी निघाली.

त्यानंतर मी त्या शेडमध्ये पाय ठेवला नाही. सर गेले तेव्हा मयतीला गेलो, खांदा दिला, आणि घरी येऊन भिंतीवर इतक्या जोरात ठोसा मारला की हाताचं हाड मोडलं. बायको म्हणाली, कोणावर एवढा राग काढता, मेलेल्या माणसावर? मी म्हणालो, हो.